एका विकराची वाटचाल

'जीवाणूंना औषधाची सवय होते' असे वाक्य आपण वर्गात सहज बोलून जातो. इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

१९४० च्या डिसेंबरात ऑक्सफर्डच्या अब्राहम आणि चेन यांनी पेनिसिलिनचा नाश करणारे विकर जीवाणूंत असल्याचे जाहीर केले. त्यांच्या गटाने रुग्णावर पेनिसिलिनचे उपचार सुरू केले ते १९४१ मध्ये! म्हणजे हे विकर त्याआधीच हजर होते.

१९६५ मध्ये नाओमी दत्ता व कोंटोमिचालू यांनी अथेन्समधील एका रुग्णाच्या जीवाणूंतील अशाच विकराची माहिती दिली. त्याचे नाव टेम-१. पेनिसिलिनच्या रेणूतील चौकोनी कडे ते फोडते; पण १९८० च्या सुमारास आलेल्या सेफोटॅक्झिमपुढे त्याचे फारसे चालेना.

२००६ मध्ये वाइनराइख व सहकाऱ्यांनी टेम-१ च्या जनुकातील पाच उत्परिवर्तने तपासली. पाचही एकत्र आली की रोध सुमारे एक लाख पटीने वाढतो. ती एकेक करून येण्याचे क्रम किती? ५×४×३×२×१, म्हणजे १२०. पण प्रत्येक पावलाला रोध वाढेल असे क्रम निघाले फक्त १८. का बरे? एक बदल नव्या औषधाला विकरात जागा करून देतो, पण विकराची घडी सैल करतो. दुसरा घडी सावरतो, पण एकट्याने कामाचा नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा.

उत्परिवर्तने आपोआप घडतात; औषध त्यांतून निवड करते. विनाकारण घेतलेली प्रत्येक गोळी त्या १८ वाटांपैकी एखादी सोपी करते. वर्गात आपण हेच सांगायला हवे.