ब्रेकच्या हुकुमाची कुळकथा

मालगाडीचा ब्रेक बिनतारी संदेशाने लावण्याचे तंत्र म्हणजे संगणकयुगाचे अपत्य, असे वाटणे साहजिक आहे. पण त्याचे कूळ शोधायचे तर घाटात यावे लागते. लोणावळ्याहून कर्जतकडे उतरणारा बोरघाटाचा लोहमार्ग 1863 मध्ये सुरू झाला. त्याचा सर्वांत तीव्र चढ 37 ला 1 आहे. साडेसहाशे मीटर लांबीची मालगाडी अशा चढावर उभी राहिली, तर इंजिन आणि शेवटचा डबा यांच्या उंचीत सतरा मीटरांहून अधिक फरक पडतो. अशा ठिकाणी ब्रेकच्या ताकदीइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो तो चालकाचा हुकूम शेपटापर्यंत पोचायला लागणाऱ्या वेळेचा. आरंभी तो शिटीने जाई आणि ती ऐकून गार्ड हाताने ब्रेक आवळी. मागून रेटा देणाऱ्या बँकर इंजिनाशीही शिट्यांच्या ठरलेल्या खुणांनीच बोलणे होई.

अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसने 1872 मध्ये स्वयंचलित हवेचा ब्रेक सिद्ध केला आणि हुकूम नळीतून धावू लागला. नळीतला दाब उतरला की प्रत्येक डबा आपल्या टाकीतल्या हवेने ब्रेक लावतो. नळी तुटली तरी गाडी थांबते. भारतात दीर्घकाळ निर्वात ब्रेक चालले, मग मालगाड्यांनाही हवेचे ब्रेक आले. पण दाबातला बदल ध्वनीहून वेगाने धावू शकत नाही. 2 जुलै 2020 रोजी नागपूर विभागाने चालवलेली ‘शेषनाग’ मालगाडी 2.8 किलोमीटर लांब होती. एवढ्या नळीत एका टोकाचा हुकूम दुसऱ्या टोकाला जायला किमान आठ सेकंद हवेत. तेवढ्यात पुढचे डबे आवळले जातात, मागचे येऊन आदळतात, कपलिंगवर ताण येतो. म्हणून 1960 च्या दशकात अमेरिकेतील सदर्न रेल्वेने मधल्या इंजिनाला रेडिओने हुकूम देण्याची पद्धत आणली. पुढचा चालक ब्रेक लावतो त्याच क्षणी मागचे इंजिनही नळीतली हवा सोडते. लांब जोडगाड्यांसाठी भारतीय रेल्वेनेही ही पद्धत स्वीकारली.

बोगद्यात रेडिओ तुटला तर काय, हा आक्षेप रास्त आहे. घाटात तर अधिकच. पण रेडिओने नळीला हटवलेले नाही. संदेश तुटला तरी चालकाने हवा सोडल्याचा परिणाम नळीतून मागे पोचतोच, आणि दाब उतरल्याचे ओळखून मागचे इंजिन आपला जोर काढून घेते. मग प्रत्येक वाघिणीला विजेची तारच का जोडू नये? तार उत्तमच, पण वाघिणी देशभर फिरतात. एक जरी वाघीण बिनतारेची लागली, तरी साखळी तिथेच तुटते. रेडिओ फक्त इंजिनांवर बसवला की भागते. माझ्या मते रेडिओ हा नळीचा वारस नव्हे, तिचा धाकटा भाऊ आहे. हुकूम त्याच्याकडे गेला, जबाबदारी थोरलीकडेच राहिली. घाट उतरण्यापूर्वी शेवटच्या डब्यापर्यंत हवा पोचते की नाही, हे आजही तपासले जाते.