दानपेटीतली 'खोटी' नाणी



पर्युषण संपले की आमच्या मंदिरातली दानपेटी उघडतात. माझ्या बी.कॉम.चा लग्नानंतर फारसा उपयोग झाला नाही, पण या मोजणीला दरवर्षी हाक येते. नोटा भराभर होतात, वेळ खातात ती नाणी. यंदा दहाची नाणी ढिगाने निघाली. दुकानदार घेत नाहीत, रिक्षावाले घेत नाहीत, मग देवापुढे टाकायची. (मीही दोनदा टाकली आहेत, खोटे कशाला बोलू!)

मोजणीला बसलेल्या एका काकांनी त्यांतली रुपयाचे चिन्ह नसलेली नाणी 'नकली' म्हणून वेगळी काढली. मला ते खटकले. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या पाच अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार सांगितला आहे, म्हणजे बनावट वस्तू खरी म्हणून खपवणे. नाणी खरोखर नकली असतील तर ती मंदिराच्या नावाने बँकेत भरणे हा दोषच. पण खरी असतील, तर दात्याचे दान आपण उगाच कचऱ्यात काढतो आहोत.

ती खरीच आहेत. रुपयाचे चिन्ह सरकारने स्वीकारले जुलै 2010 मध्ये आणि नाण्यांवर आले 2011 पासून. दहाचे दोन धातूंचे नाणे त्याआधीचे, मग त्यावर ते चिन्ह कुठून असणार? जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीरच केले की दहाच्या नाण्याच्या 14 प्रकारच्या नक्षी आहेत आणि सगळ्या चालतात. नोट लवकर फाटते, नाणे वर्षानुवर्षे फिरते, म्हणून जुने-नवे एकाच पाकिटात भेटतात. आठ आणेही अजून कायद्याने चालतात बरं का. चार आणे आणि त्याखालची नाणी मात्र 30 जून 2011 पासून बंद झाली.

नाण्यावरच्या वर्षाच्या खाली चष्मा लावून बघा. हिऱ्यासारखी चौकट असेल तर मुंबईची टांकसाळ, तारा असेल तर हैदराबादची (ही मूळची निजामाची), गोल ठिपका नोएडाचा. काहीच नसेल तर कोलकाता. खूण नाही म्हणजे नाणे नकली, असा समज करून घेऊ नका.

दोन रुपयांच्या एका नाण्यावर तर वादच झाला होता. पूर्वीचे अकरा कोनांचे, भारताच्या नकाशाचे नाणे जाऊन 2006 च्या सुमारास पोलादाचे गोल नाणे आले. त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या रेघा आणि चार ठिपके. लोक म्हणाले, हा तर क्रूस! रिझर्व्ह बँकेचे म्हणणे असे की ही एकाच देहाला जोडलेली चार डोकी आहेत, विविधतेत एकता. मला विचाराल तर समजावून सांगावी लागते ती नक्षी फसलीच. पुढे 2007 मध्ये हस्तमुद्रांची नाणी आली, एक रुपयावर अंगठा आणि दोनवर दोन बोटे. निरक्षर बाईलाही कळेल असे.

मोजता मोजता पाचच्या थप्पीत एक जाड नाणे हाती लागले. तांबे-निकेलचे, नऊ ग्रॅमचे, आपण ज्याला ठोकळा म्हणायचो ते. उलटून पाहिले तर स्वस्तिक, भगवान महावीरांचे नाव आणि 2600 वे जन्म कल्याणक, वर्ष 2001. महावीरांचा जन्म इसवी सनपूर्व 599 चा मानतात, त्या हिशेबाने 2001 च्या महावीर जयंतीपासून ते वर्ष साजरे झाले. त्याच निमित्ताने सरकारने काढलेले हे नाणे. मला अप्रूप वाटले ते 'कल्याणक' या शब्दाचे. कॅलेंडरात 'जयंती' छापतात. गर्भ, जन्म, दीक्षा, केवलज्ञान आणि मोक्ष या पाच कल्याणकांचा आपला शब्द जसाच्या तसा सरकारी टांकसाळीत गेला, आणि तेव्हापासून भाजीवाल्यांच्या गल्ल्यांतून फिरतो आहे!

सूनबाईला फोटो पाठवला तर तिचे उत्तर, "आई, अशी नाणी लाखाला विकतात म्हणे." वैष्णोदेवीच्या 2012 च्या नाण्यांबद्दलही असेच निरोप फिरतात. यावर विश्वास ठेवू नका. जुनी नाणी-नोटा विकत घेतो सांगून आधी कमिशन मागणाऱ्या ठगांबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये इशारा दिला आहे. लाखो फिरलेले, झिजलेले नाणे कोण कशाला लाखाला घेईल?

तरीही मला ते हवे होते. पर्समधले पाचचे नाणे टाकून हे उचलले असते तर हिशेबात एक पैशाचा फरक पडला नसता. पण न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान, मग त्याची किंमत कितीही असो. हात तिथेच थांबला. सगळ्यांसमोर नाणे दाखवून विचारले. काका हसले, "घ्या ताई, पाचाला पाच." तरी मी दहाचे नाणे टाकले, त्यांनीच बाजूला काढलेल्या नकलींतले एक घरी होते तसले, चिन्ह नसलेले. काकांनी ते क्षणभर निरखले आणि दहाच्या थप्पीवर ठेवले. वहीत पाच रुपये जास्तीचे लिहिले.