गहाण पडलेला जिल्हा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडचा व्यापारी नव्या वहीची पूजा करतो. लाल कापडात बांधलेली कोरी खतावणी पाटावर ठेवायची, तिला हळदकुंकू वाहायचे, पहिल्या पानावर ‘श्री’ काढायचा, आणि पाडव्यापासून नव्या वर्षाचा जमाखर्च सुरू करायचा. ही पूजा मोठी समंजस आहे. सोन्यानाण्याच्या बरोबरीने वहीलाही लक्ष्मी मानणाऱ्या आपल्या पूर्वजांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. ती ही की पैसा आज या हातात तर उद्या त्या हातात जातो. परंतु वही ज्याच्या हातात राहते, खरी सत्ता त्याची.

हे विधान कोणाला अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून मी आमच्या धाराशिवचाच दाखला देतो. शेत गहाण पडते, घर गहाण पडते, बायकोच्या अंगावरचे मंगळसूत्र गहाण पडते, हे आपण ऐकले आहे. पण आमचा सबंध जिल्हा, त्यातल्या गावांसह, विहिरींसह आणि आई भवानीच्या तुळजापूरसह, थकलेल्या देण्यापायी एकदा गहाण पडला होता. हप्ते चुकले, तगादे आले, खाते बंद करण्याची धमकी आली, आणि अखेर सावकाराने तारण ताब्यात घेतले. ऋणको होता हैदराबादचा निजाम आणि धनको होती ईस्ट इंडिया कंपनी. साल १८५३.

या कर्जाचे मूळ एका फौजेत आहे. १८०० च्या तहाने निजामाने कंपनीची तैनाती फौज पत्करली आणि तिच्या खर्चासाठी मुलूखही तोडून दिला. त्याच तहात असेही ठरले होते की युद्धाचा प्रसंग आला तर निजामाने आपले सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ मदतीला द्यावे. हा शब्द युद्धकाळापुरता होता. परंतु हेन्री रसेल हा रेसिडेंट असताना या निमित्ताने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक निराळी कायमची फौज उभी राहिली. तीच पुढे ‘हैदराबाद कंटिंजंट’ म्हणून ओळखली गेली. पेंढाऱ्यांचे आणि पेशव्यांचे युद्ध संपले तरी फौज काही संपली नाही. वर्षाला चाळीस लाखांच्या घरात जाणारा तिचा खर्च मात्र निजामाच्या नावे पडत राहिला. मागवले नसताना चालू झालेली आणि बंद कशी करावी ते कोणी सांगत नाही अशी एखादी सेवा आजच्या गृहस्थाच्या बिलात दरमहा येत असते. ही जवळजवळ तशीच गोष्ट होती.

खर्च भागवायला पैसा हवा, तो आला पामर आणि कंपनी या हैदराबादच्या पेढीकडून. विल्यम पामर हा एका इंग्रज सेनापतीचा आणि मोगल घराण्याशी नाते सांगणाऱ्या बेगमेचा मुलगा. बुद्धिमान, लाघवी आणि दरबारात वजन असलेला. गोऱ्यांनी देशी राजांना परवानगीवाचून कर्ज देऊ नये असा विलायतचा कायदा होता. त्यातून या पेढीने १८१६ साली गव्हर्नर जनरलकडून सूट मिळवली. तिचा एक भागीदार गव्हर्नर जनरलच्या आप्तांपैकी होता, हे सांगितले म्हणजे सूट कशी मिळाली हे निराळे सांगावे लागत नाही. व्याजाचा दर शेकडा चोवीस-पंचवीस. दिवाण चंदुलाल सही करीत होता आणि आकडा फुगत होता. १८२० मध्ये चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला. त्याने वह्या तपासायला घेतल्या, तेव्हा साठ लाखांच्या एका कर्जात आठ लाख रुपये निव्वळ बक्षिशीचे म्हणून भागीदारांच्या पदरात पडल्याचे त्याला आढळले. अखेर उत्तर सरकार प्रांताबद्दल इंग्रजांनी निजामाला दरसाल द्यायच्या सात लाखांच्या पेशकशीवर १८२३ मध्ये पाणी सोडून, तिच्या बदल्यात आलेल्या एक कोट सोळा लाखांवर रकमेतून पेढीचे देणे फेडण्यात आले. एक कर्ज फिटले, पण त्यासाठी कायमचे उत्पन्न गेले. पुढल्याच वर्षी पेढी बुडाली.

पामर गेला तरी फौज होतीच. मग वऱ्हाडचा कापूस मुंबईला नेण्यात नाव काढलेल्या मेहेरजी बंधूंची पारशी पेढी पुढे आली. तिला वऱ्हाडातल्या काही महालांचा वसूल तोडून दिलेला होता. औरंगाबादच्या टांकसाळीतून तिच्या नावाचा ‘पेस्तनजी’ रुपयाही निघत असे. १८४५ मध्ये निजाम सरकारने हे महाल परत घेतले. बिचाऱ्या पेढीने इंग्रजांचे दार ठोठावले. इंग्रजांनी ‘हा तुमचा आणि निजामाचा प्रश्न’ म्हणून हात झटकले. पेढी धुळीला मिळाली. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. धनको नेहमीच जबर असतो आणि ऋणको नेहमीच गरीब असतो असे नाही. दुबळ्या सावकाराचेही पैसे बुडतात आणि त्याचीही तक्रार कोणी ऐकत नाही. प्रश्न देण्याघेण्याचा कमी आणि ताकदीचा अधिक असतो.

आता तिसरा धनको पुढे आला, तो मात्र सर्वांत जबर होता. निजामाकडून पगार वेळेवर येईना, तेव्हा फौजेचा पगार रेसिडेन्सीच्या खजिन्यातून दिला जाऊ लागला आणि ती रक्कम व्याजासह निजामाच्या नावे चढू लागली. १८५१ मध्ये लॉर्ड डलहौसीने निजाम नासिरुद्दौला याला जे पत्र धाडले, त्याच्यापुढे आजच्या वसुलीवाल्यांची पत्रे प्रेमपत्रे वाटावीत. ज्या सरकारचा राग तुम्ही ओढवून घेत आहात, ते तुम्हाला पायाखालच्या धुळीसारखे करून टाकील, तुमची नावनिशाणी उरणार नाही, असा त्याचा भाव होता. निजामाने तेव्हा घाईघाईने बरीचशी रक्कम भरली. दोन वर्षांत थकबाकी पुन्हा चाळीस लाखांच्या वर गेली.

आणि मौज अशी की, ज्या फौजेच्या पगारासाठी ही थकबाकी, ती शांततेच्या काळात बाळगण्याचे बंधन १८०० च्या तहाने निजामावर घातलेलेच नाही, हे डलहौसीने मार्च १८५३ मधल्या आपल्या टिपणात स्वतः कबूल केले आहे. प्रामाणिक माणूस म्हणून मला तसे म्हणता यायचे नाही, असा त्याचा सूर आहे. परंतु टिपण टिपणाच्या जागी राहिले आणि वसुली वसुलीच्या जागी. रेसिडेंट कर्नल लो तहाचा मसुदा घेऊन दरबारात गेला. निजाम त्याला म्हणाला की राजाला लाज आणणारी कृत्ये दोन. विनाकारण वडिलार्जित मुलूख देणे आणि इमानी फौज मोडणे. त्याच्यासमोर नेमका हाच पर्याय ठेवलेला होता. बरीच घासाघीस होऊन मसुद्यातला ‘कायमचा’ हा शब्द तेवढा गळला, आणि २१ मे १८५३ रोजी तह झाला. वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि धाराशिवचा जिल्हा कंपनीच्या हवाली झाला. ज्याच्या दिवाणगिरीत हे घडले तो सिराजुल्मुल्क त्याच महिन्यात वारला आणि त्याचा तरुण पुतण्या सालारजंग दिवाण झाला.

आमच्या भागाचा कारभार फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे आला. ‘ठगाची जबानी’ म्हणून मराठी वाचकांना परिचित असलेल्या कादंबरीचा हा कर्ता. त्याने नळदुर्गला ठाणे केले. बोरी नदीच्या काठच्या त्या किल्ल्यातला पाणीमहाल आजही लोक पावसाळ्यात पाहायला जातात. टेलर माणूस म्हणून चांगला होता. त्याने रस्ते केले, तळी पाहिली, जमिनींची पाहणी सुरू केली. गहाण पडलेल्या वस्तूची सावकाराने निगा राखली, हे आपण त्याच्या जमेला धरू. परंतु आपण गहाण का पडलो, हे आमच्या कुणब्याला कोणी विचारले नाही आणि सांगितलेही नाही.

आता या कथेतली सर्वांत महत्त्वाची बाब सांगतो. १८५३ च्या तहात एक चांगले कलम होते. ताब्यात घेतलेल्या मुलुखाचा जमाखर्च कंपनीने दरवर्षी निजामाला द्यावा आणि शिल्लक उरेल ती परत करावी. म्हणजे ऋणकोला हिशेब पाहण्याचा हक्क होता. आणि हिशेबात पाहण्याजोगे बरेच होते. सिकंदराबाद आणि जालना येथल्या छावण्यांतले दारूवरच्या कराचे उत्पन्न, वर्षाला सुमारे लाख रुपये, इंग्रज चाळीस वर्षे स्वतः घेत होते. ते आमच्या जमेला धरा, असे निजामाचे म्हणणे होते. पुढे १८६० मध्ये खुद्द रेसिडेंट कर्नल डेव्हिडसन याने आपल्या सरकारला लिहिले की दोन्ही बाजूंचे देणेघेणे निःपक्षपातीपणे मांडले असते, तर निजामाकडे आपली त्रेचाळीस लाखांची न्याय्य बाकी निघालीच नसती. वाचकांनी लाख रुपयांना चाळीस वर्षांनी गुणून पाहावे. आमचा जिल्हा, धनकोच्याच माणसाच्या मते, जवळजवळ न निघणाऱ्या बाकीपायी गहाण पडला होता!

मग बाकीचे काय झाले? १८५७ च्या धामधुमीत निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याचे बक्षीस म्हणून डिसेंबर १८६० मध्ये नवा तह झाला. सुमारे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले; धाराशिव आणि रायचूर परत मिळाले; सुरापूर संस्थानही मिळाले. ऐकायला सारे गोड आहे. परंतु त्याच तहात निजामाने हेही लिहून दिले की तारण मुलुखाच्या मागच्या, चालू किंवा पुढच्या कोणत्याही जमाखर्चाचा हिशेब आम्ही मागणार नाही. कर्जमाफीच्या मोबदल्यात वहीचा हक्क गेला. वऱ्हाड तारणातच राहिले. सालारजंगाने ते सोडवण्यासाठी आयुष्य झिजवले, १८७६ मध्ये तो विलायतेलाही जाऊन आला, पण व्यर्थ. अखेर १९०२ मध्ये कर्झनने सालिना पंचवीस लाखांवर ते कायमच्या खंडाने घेतले. पन्नास वर्षांपूर्वी मसुद्यातून गळालेला ‘कायमचा’ हा शब्द असा मागल्या दाराने परत आला.

हाच धडा शेजारी खेड्यापाड्यांतही चालू होता. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून दख्खनचे दंगे पेटले, तेव्हा कुणब्यांनी प्रामुख्याने सावकाराची खते आणि वह्या होळीत घातल्या. रागाला बरोबर ठिकाण सापडले होते. त्यानंतर १८७९ चा कायदा आला आणि पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांत सावकाराने कुळाला पावती द्यावी, वर्षाचा हिशेब लिहून द्यावा, असे बंधन पडले. आमच्या शिवेला लागून असलेल्या सोलापूरच्या कुळाला हा हक्क मिळाला. आमचा जिल्हा मात्र १८६० मध्येच निजामाकडे परतलेला, म्हणून तो त्याबाहेर राहिला. हैदराबाद संस्थानात सावकारीला आळा घालणारा कायदा यायला फसली १३४९ उजाडले, म्हणजे मध्ये साठ वर्षे गेली.

आज धाराशिवात वही दिसत नाही. खिशात क्रेडिट कार्ड असते. माझ्या भाच्याने मुदतीच्या आदल्या संध्याकाळी पैसे भरले, मध्ये सुट्टी आली, रक्कम दोन दिवसांनी जमा झाली, आणि बिलात उशिराचा दंड लागला. त्याने हा दंड कशाचा असे विचारले. उत्तर येण्याआधी कार्डच बंद झाले. मग फोन. मराठीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी चार दाबा, संगीत ऐका, पुन्हा एक दाबा. तीन निरनिराळ्या मधुर आवाजांनी त्याला तीन निरनिराळ्या रकमा सांगितल्या. त्याची बहीण वैतागून म्हणाली, “दादा, भरून टाक की! कशाला डोके पिकवतोस?” रक्कम थोडी होती, आणि तिचे म्हणणे व्यवहाराचे होते. तथापि मी त्याला म्हणालो, “बाळ, भरायचे तर भर, पण हिशेब लेखी मागितल्याशिवाय भरू नकोस.”

कारण आज तो हक्क कागदावर आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये घातलेल्या नियमांत, मुदत टळून तीन दिवसांहून अधिक झाल्यावाचून दंड लावू नये, वादातल्या आकारणीचा खुलासा तीस दिवसांत द्यावा, आणि बाकी नसलेले कार्ड बंद करण्याची ग्राहकाची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत न पाळल्यास रोज पाचशे रुपये ग्राहकालाच द्यावेत, असे ठरले. बँक ऐकत नसेल तर जाण्यासाठी २०२१ पासून सर्व देशाला एकच लोकपाल योजना झाली, आणि तेथे फी पडत नाही. भाच्याने पत्र लिहिले, तारखा घातल्या, नियमाचा उल्लेख केला. दंड परत आला. कार्डही चालू झाले. ते त्याने मग आपणहून बंद केले, हा त्याचा स्वभाव.

पत्र लिहायला त्याला अर्धा तास लागला. निजामापाशी दिवाण होते, वकील होते, मुन्शी होते. तरी त्याने पन्नास लाखांची माफी पाहिली आणि हिशेबाचे कलम सोडून दिले. माफी ही धनकोची मर्जी असते, ती आज आहे आणि उद्या नाही. हिशेब हा ऋणकोचा हक्क असतो. यंदा वहीपूजन करताना घरातल्या मुलांना एवढे सांगावे की देणे असेल ते वेळेवर द्या, रुपयाही बुडवू नका. पण आपल्या नावाचे पान आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणाच्या वहीवर सही करू नका.