चमचा कुणाच्या हातात?

आमच्या गंगाखेडला 'काटा' म्हटलं की बाभळीचा, नाहीतर तराजूचा. जेवणाचा काटा इकडे फार उशिरा आला. पण म्हणून आपल्याकडे चमचे नव्हते असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. पळी, डाव, ओगराळं, झारा, उलथणं... घरात सगळं होतंच की! (दुसऱ्या अर्थाचे चमचे तर प्रत्येक राज्यात होते, ते सोडा.) फक्त ही अवजारं रांधणाऱ्याच्या आणि वाढणाऱ्याच्या हातात असत, जेवणाऱ्याच्या नाही.

कारण उष्टं! हात माझा, मीच धुतलेला. चमचा काल कुणाच्या तोंडात होता, देव जाणे. गोदाकाठी संध्येला बसणारासुद्धा पळीने पाणी तळहातावर घेतो, पळी ओठाला लावत नाही.

आता गंमत बघा. थॉमस कोरिएट नावाच्या इंग्रजाने १६०८ साली इटलीत काट्याने जेवणारे लोक पाहिले आणि १६११ च्या प्रवासवर्णनात त्याचं कारणही दिलं: सगळ्यांची बोटं सारखी स्वच्छ नसतात, म्हणून ताटाला कुणाचं बोट लागलेलं इटालियनांना खपत नाही. म्हणजे किळस तीच, उपाय उलटा! मायदेशी काटा वापरायला लागल्यावर मित्रांनी त्याची टर उडवली. हाच गडी पुढे बराचसा पायी चालत हिंदुस्थानात आला आणि १६१७ साली सुरतेत वारला. इथल्या पंगती पाहून त्याला काय वाटलं असेल?

आपली किळस स्वच्छतेपाशी थांबली असती तर बरं होतं. पण डाव वरून धरायचा, पानाला लागू द्यायचा नाही, हीच रीत पुढे माणसांना लागू झाली. कुणाच्या ओंजळीत पाणी वरूनच ओतलं गेलं. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांवरून केवढं ग्रामण्य माजलं! टिळक आणि रानडे दोघांनाही पुढे प्रायश्चित्त घ्यावं लागलं. आणि आमच्याच शेजारी मुसलमान घरांत दस्तरखानावर एका तबकात चार हात खुशाल जातात. तेही हातानेच जेवतात, पण उष्ट्याचा हा हिशेब तिथे नाही.

१९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. तिकडे हैदराबादला फलकनुमा राजवाड्यात १०१ माणसांचं जेवणाचं टेबल, आणि इकडे त्याच राज्यात पितळीत भाकरी कुस्करलेली. मला तरी भाकरीच सरस वाटते. तुकडा दुमडला की त्याची पळी होते, कालवण उचलते आणि पळीसकट पोटात जाते. काट्याने हे करून दाखवा!

हल्ली गावाकडच्या लग्नातही बुफे असतो. ताटाबरोबर प्रत्येकाला चमचा मिळतो, तो बहुधा गुलाबजामालाच लागतो. वरणाचा डाव मात्र एकच. रांगेतला एक जण तो खाली ठेवतो आणि मागचा उचलतो, आधी तो कुणाच्या हातात होता हे न विचारता.