काजरा आणि काजळ



कोकणात काजऱ्याचे झाड ठिकठिकाणी आढळते. त्याच्या बियांतून स्ट्रिक्नीन नावाचे जहाल विष निघते. युरोपात बेलाडोना नावाची अशीच एक विषारी वनस्पती आहे. तिचा रस तिकडच्या स्त्रिया एके काळी डोळ्यांत घालीत. त्याने बाहुल्या विस्फारून डोळे टपोरे दिसत. इटालियन भाषेत त्या नावाचा अर्थच मुळी ‘सुंदर स्त्री’ असा आहे. एक विष पायांच्या कामी आले, दुसरे डोळ्यांच्या. समाजाने या दोहोंना एकाच तराजूत तोलले काय, हा आजचा प्रश्न आहे.

१९०४ साली अमेरिकेत सेंट लुई येथे ऑलिंपिक सामने भरले. मॅरेथॉन शर्यतीत टॉमस हिक्स हा धावपटू वाटेत गळून जाऊ लागला, तेव्हा त्याच्या साहाय्यकांनी त्याला अंड्याच्या पांढऱ्या बलकातून स्ट्रिक्नीन दिले आणि पुढे ब्रँडीही पाजली. हिक्सला सुवर्णपदक मिळाले. ही हकीकत कोणी झाकून ठेवली नाही. पुढील वर्षी ती अभिमानाने छापण्यात आली. त्याच शर्यतीत फ्रेड लॉर्झ नावाचा दुसरा गडी काही मैल मोटारीत बसून आला; तो मात्र ताबडतोब बाद झाला. मोटार ही लबाडी, काजरा हा उपचार! औषधाला बंदी करणारा नियमच तेव्हा नव्हता. जागतिक धाव-संघटनेने तो १९२८ साली केला, आणि ऑलिंपिकमध्ये तपासणी सुरू व्हावयास १९६८ साल उजाडले.

त्यानंतर वारा फिरला. १९८८ साली सोल येथे कॅनडाचा बेन जॉन्सन १०० मीटर अंतर ९.७९ सेकंदांत धावला. तपासणीत स्टॅनोझोलॉल हे औषध आढळले आणि तीन दिवसांत पदक गेले. राष्ट्रवीर म्हणून ज्याचे चित्र छापले, त्याचेच चित्र देशाला काळिमा लावणारा म्हणून छापले गेले.

पण वर्तमानपत्रांचा हा बाणा अढळ होता काय? १९९८ चा उन्हाळा पाहा. बेसबॉल या खेळात चेंडू कुंपणापार टोलविणे म्हणजे ‘होम रन’. आपल्या षट्काराचा भाऊच म्हणा. मार्क मॅग्वायरने त्या वर्षी असे ७० टोले हाणून १९६१ पासूनचा ६१ चा उच्चांक मोडला. ऑगस्टमध्ये स्टीव्ह विल्स्टीन या बातमीदाराला त्याच्या कपाटात अँड्रोस्टेनेडिओनची बाटली दिसली. ऑलिंपिकमध्ये ते औषध निषिद्ध होते, बेसबॉलमध्ये नव्हते. विल्स्टीनने बातमी दिली. तेव्हा व्यवसायबंधूंपैकी कित्येकांनी त्यालाच चोंबडा ठरविले. लोकांचा आनंद भंगू नये, हा न्याय! जानेवारी २०१० मध्ये मॅग्वायरने स्वतःच स्टेरॉइड घेतल्याचे कबूल केले.

आता दुसरे पारडे. १७ मार्च २००५ रोजी अमेरिकेच्या काँग्रेसच्या समितीपुढे बेसबॉलपटूंची जाहीर साक्ष झाली. मुले त्यांचे अनुकरण करतील, ही त्यामागची मोठी चिंता होती; आणि ती खोटी नव्हती, कारण मुले गमावलेले आईबापही तेथे साक्षीस आले होते. त्याच देशात १९६२ साली ह्यूस्टन येथे स्तनवर्धनाची पहिली सिलिकोन शस्त्रक्रिया झाली. १९९२ साली औषध-प्रशासनाने त्या वस्तूच्या वापरावर कडक निर्बंध घातले, आणि २००६ साली ते उठविले. २००२ साली कपाळाच्या आठ्या घालविण्यासाठी बोटुलिनम या अत्यंत घातक विषाचा अल्प मात्रेत वापर मान्य झाला. मुली अनुकरण करतील, म्हणून कोणा नटीची अशी साक्ष झाली नाही.

२००९ साल तर फारच बोलके आहे. फेब्रुवारीत एका क्रीडा-साप्ताहिकाने अलेक्स रॉड्रिग्ज या खेळाडूचे २००३ मधील औषध उघडकीस आणले आणि सर्वत्र संताप उसळला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील सौंदर्यस्पर्धेच्या चालकांनी आपल्या विजेत्या युवतीच्या शस्त्रक्रियेचा खर्च आपणच दिल्याचे मान्य केले. स्पर्धा तीही, बक्षीस तेथेही, शरीर तेथेही घडविलेले. पण वाद माजला तो तिच्या विवाहविषयक मतांवर. शस्त्रक्रिया थट्टेचा विषय झाली.

यावर कोणी म्हणेल, खेळाडू नियम मोडतो, सुंदरी मोडीत नाही. हे खरे आहे, आणि लहानसहान नाही. प्रतिस्पर्ध्याला फसविणे हा अपराधच होय. परंतु नियम कोठे करावयाचा, हे ठरविते लोकमत. आणि लोकमत घडविण्यात वर्तमानपत्रांचा वाटा मोठा. क्रीडेच्या पानावर शुद्धतेचे प्रवचन आणि शेजारच्या पानावर सुरकुत्या घालविण्याची जाहिरात, असा हा संसार आहे. खेळाडूच्या देहाला आपण कर्तृत्व मागतो, म्हणून तेथे कृत्रिमता खुपते. स्त्रीच्या देहाला केवळ दिसणे मागतो, म्हणून तेथे ती चालते. या भेदात स्त्रीचा सन्मान नाही, उपेक्षा आहे.

काजळाला, मेंदीला माझा विरोध नाही. नटणे हे माणसाइतकेच जुने आहे. माझे मागणे एवढेच, की दोन्हीकडे तेच दोन प्रश्न विचारावेत : यात अपाय किती, आणि लपविले काय? पोराच्या हातातील सुईने जे आईबाप हादरतात, त्यांनी पोरीच्या हातातील आरशाकडेही एकदा पाहावे.