ऑनबोर्डिंग म्हणजे काय? पैशांच्या ॲपची पहिली पाच मिनिटं

नवं ॲप उघडल्यापासून त्याचा पहिला खरा उपयोग होईपर्यंतच्या टप्प्यांना ‘ऑनबोर्डिंग’ म्हणतात. खर्चाचा हिशोब ठेवणारं ॲप बरेचदा इथेच चुकतं. ते काय कामाचं हे कळायच्या आधीच मोबाईल नंबर, पॅन, एसएमएस, कॉन्टॅक्ट्स असं सगळं मागत सुटतं.

चांगल्या रिडिझाइनमध्ये हा क्रम उलटा होतो. आधी ‘चहा, २० रुपये’ अशी एक नोंद हाताने करू द्यायची आणि महिन्याचा हिशोब कसा दिसेल ते दाखवायचं. परवानग्या नंतर, गरज पडेल तशा. अँड्रॉइड ६.० (२०१५) पासून ही सोय आहे. म्हणजे कॅमेरा मागायचा तो पावतीचा फोटो काढतानाच.

बँक खातं जोडायला भारतात अकाउंट ॲग्रीगेटर आहे. यात नेट बँकिंगचा पासवर्ड द्यावा लागत नाही. कोणती माहिती, कशासाठी, किती काळ द्यायची हे बघून तुम्ही संमती देता. ती मागेही घेता येते.

कर्जाच्या ॲप्सबाबत जास्त सावध राहा. वसुलीसाठी मित्र-नातेवाइकांना फोन गेले, ते कॉन्टॅक्ट्सच्या परवानगीमुळेच. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा ॲप्सनी कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग, फाइल्स बघायच्या नाहीत. केवायसीसाठी कॅमेरा, माइक किंवा लोकेशन फक्त एकदा, तेही तुमच्या संमतीने.

म्हणून ‘अनुमती द्या’ दाबण्याआधी विचारा: हे आत्ता कशाला हवंय? स्क्रीनवर उत्तर नसेल, तर सरळ नाही म्हणा.