कार्यालयीन सॉफ्टवेअर : लॉगिन प्रत्येकाचे स्वतंत्र हवे

हजेरी, पगारपत्रक व हिशेब सांभाळणारे सॉफ्टवेअर कार्यालयात बसविले जाते, तेव्हा प्रथम 'अॅडमिन' अर्थात प्रशासकाचे खाते तयार होते. नवी खाती उघडण्यापासून नोंदी पुसण्यापर्यंतचे अधिकार त्याला असतात. पुढील खटाटोप टाळण्यासाठी अनेक ठिकाणी याच खात्याचा पासवर्ड चार-पाच जणांना सांगितला जातो. मग चुकीची नोंद कुणी केली, याचा शोध लागत नाही.

सामायिक वापराचा धोका जुनाच आहे. अमेरिकेतील एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली १९६१ मध्ये 'सीटीएसएस' ही संगणक प्रणाली साकारली. एकच संगणक अनेक जण वापरत असल्याने तेथे पासवर्डची पद्धत आली. फाइलमध्ये दुरुस्ती करताना प्रणाली ठराविक नावाची तात्पुरती फाइल बनवीत असे. एका जागी एका वेळी एकच व्यक्ती काम करणार, हे त्यामागील गृहीतक. प्रशासकांना मात्र सोयीसाठी त्यातून सूट मिळाली. साठच्या दशकाच्या मध्यास एक जण पासवर्डची यादी, तर दुसरा स्वागताचा संदेश दुरुस्त करीत असताना दोन्ही फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर साऱ्यांचे पासवर्ड झळकू लागले!

यादी सरळ वाचता येण्याजोगी होती, हा दुसरा दोष. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये 'युनिक्स'मधील उपायांवर निबंध लिहिला. मूळ पासवर्ड न साठवता गणिती प्रक्रियेने त्याचे उलगडता न येणारे रूप साठवायचे व त्यात प्रत्येकासाठी निराळी भर, म्हणजे 'सॉल्ट', घालायची, हे त्याचे सार. त्यामुळे चांगले सॉफ्टवेअर विसरलेला पासवर्ड सांगूच शकत नाही. नवा ठरवू देते. जुना पासवर्ड ई-मेलने धाडणारे सॉफ्टवेअर खुशाल नाकारावे.

प्रत्येक कर्मचाऱ्याला कामापुरतेच अधिकार द्यावेत. तात्पुरता पासवर्ड पहिल्या लॉगिनलाच बदलण्याची सक्ती असावी. प्रशासकाच्या खात्यास मोबाइलवरील सांकेतिक क्रमांकाची जोड हवीच. दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावण्याचा आग्रह मात्र अनाठायी. अमेरिकेच्या 'एनआयएसटी' या मानक संस्थेनेही २०१७ मध्ये तो सोडला.

दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी नुसार तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण त्यासाठी खाते कुणा एकाचे असावे लागते. नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे, पुसू मात्र नये. त्याच्या नावावरील जुन्या नोंदी लेखापरीक्षणात लागतात.